धरावे कुठे, सोडावे कुठे

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. ती पुण्याला रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. फराळ झाल्यावर तिने पिशवीतून एक छोटी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. ‘‘मामा, ओळखा पाहू काय आहे?’’ बाटलीत मळकट पांढरे, ओलसर मणी होते. मी म्हटले, ‘‘भिजलेला साबुदाणा.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘समुद्रातले शेवाळ आणि कच्छची माती!’’

रात्री तिने काचेच्या पेल्यात पाणी घेतले. माशांच्या टाकीत बुरशीवर घालतात ते निळे औषध कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले होते, त्याचे दोन थेंब पाण्यात सोडले आणि त्यात मूठभर मणी टाकून आम्ही झोपायला गेलो. सकाळी पाहतो तर पेल्यातले पाणी नितळ आणि मणी निळेशार. मी लहान मुलासारखा पेला उजेडात धरून पाहत बसलो. तेवढ्यात आमची सौ. चहा घेऊन आली. तिने पेल्याकडे पाहिले, कौतुक केले आणि विचारले, ‘‘पण आता हे मणी टाकायचे कुठे?’’

भाची गप्प झाली. मीही. पस्तीस वर्षे मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. इतका नेमका प्रश्न मला एकाही अर्जावर सुचला नव्हता. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

आधी हे मणी म्हणजे काय ते सांगतो. भाचीने समजावले तसे सांगतो. शास्त्राचे मर्म तिचे, चुकलेच काही तर ते माझे. शेवाळातून अल्जिनेट नावाचा पदार्थ निघतो. तो प्रथम काढला स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८८१ साली. साखरेचे बारीक कण साखळीसारखे एकापुढे एक जोडले गेले की जो लांबलचक रेणू होतो त्याला पॉलिसॅकराइड म्हणतात, मराठीत बहुशर्करा. पिठातला स्टार्च, कापसातला सेल्युलोज, फळांची जेली घट्ट करणारे पेक्टिन, गवारीच्या बियांचा डिंक, ही सगळी त्याच गोत्रातली मंडळी. अल्जिनेटचे पातळ द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडले की प्रत्येक थेंब जागच्या जागी गोठून मणी होतो. कॅल्शियम दोन साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकींशी बांधतो. दाताची कवळी करताना डॉक्टर तोंडात जो थंडगार लगदा दाबून धरतात, तोही याच अल्जिनेटचा असतो.

नुसत्या अल्जिनेटचा मणी मऊ असतो, फुगतो, फुटतो. नुसती माती घातली तर पाणी गढूळ होते आणि ती लवकर खाली बसत नाही. म्हणून दोघांना एकत्र आणायचे. बेंटोनाइट मातीचे कण सूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. त्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि धन भार असलेला निळा रंग तिथे जाऊन चिकटतो. शेवाळाचा स्वभावही तसाच. मातीने मण्याला बळ दिले, शेवाळाने मातीला धरून ठेवले. आपल्याकडे मातीच्या भिंतीत भुसा घालत, त्यातलाच हा प्रकार.

यात निसर्ग आपल्या फार पुढे आहे. खेकड्याचे कवच घ्या. त्यात कायटिन नावाची बहुशर्करा आणि चुनखडी एकमेकांत विणलेली असतात, म्हणून ते कठीणही आणि चिवटही. कोळंबी सोलल्यावर टोपलीत जी साले पडतात, त्यांतली चुनखडी आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढली की कायटिन उरते. त्यावर आणखी तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते. आम्लाच्या पाण्यात त्याच्यावर धन भार येतो. त्यामुळे शेवाळाचा मणी ज्या रंगांना दारात उभे करत नाही, त्यांना हे जवळ करते. म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळी सोयरीक पाहावी लागते.

आणि या सगळ्याचे गुपित म्हणजे भोके. त्या दिवशी घरात अनारसे झाले होते. अनारशाची परीक्षा जाळीवर होते हे मराठी घरात सांगायला नको. जाळी पडली की तूप आत शिरते. या मण्यांत तशीच जाळी असते, डोळ्यांना न दिसणारी. ओला मणी गोठवून निर्वात जागेत वाळवला की आतले बर्फ उडून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते. अशा सच्छिद्र पदार्थांच्या आतल्या पृष्ठभागाचे माप ऐकून बँकवाल्याचे डोळे विस्फारतात. पाणी गाळण्यासाठी वापरतात त्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन, आणि तिला सातबारा नाही. भाचीच्या मण्यांचे क्षेत्र यापेक्षा पुष्कळ कमी, पण तत्त्व तेच.

आता औषधाकडे येतो, कारण हेच मणी दुसरे काम करू पाहतात. रंगाऐवजी त्यांत औषध भरायचे. पोटातल्या आम्लात अल्जिनेट आक्रसून राहते, पुढे आतड्यात आम्ल संपले की फुगते आणि हळूहळू औषध सोडते. मातीचे पापुद्रे ते सोडणे आणखी लांबवतात. असे मणी बहुतांशी अजून प्रयोगशाळेतच आहेत. पण खनिज आणि बहुशर्करा यांची जोडी दवाखान्यात नवी नाही. जुलाबावर पूर्वी जे पांढरे, दाट औषध बाटली हलवून देत, ते केओलिन आणि पेक्टिन यांचे असे. केओलिन ही माती, पेक्टिन ही फळातली बहुशर्करा. आणि ‘सावकाश सुटणाऱ्या’ ज्या गोळ्या आज घरोघरी मधुमेहावर आणि रक्तदाबावर घेतल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा सेल्युलोजपासून केलेल्या चिकट जाळ्यात औषध अडकवूनच बनवतात.

या गोळीशी माझा एक जुना हिशेब आहे. २००४ सालची गोष्ट. माझी आई तेव्हा ऐंशीची होती. गोळी गिळताना तिला ठसका लागे. एके सकाळी मी तिची रक्तदाबाची गोळी वेलदोडे कुटायच्या खलात घालून बारीक केली आणि मधातून चाटवली. लहानपणी तिने मला मात्रा अशीच उगाळून दिली होती. मला वाटले, मी सेवाच करतो आहे. तासाभरात तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मोरीच्या दारात खाली बसली. डॉक्टर आले. त्यांनी रक्तदाब पाहिला, गोळीचे पाकीट पाहिले आणि एकच विचारले, ‘‘कुटून दिलीत का?’’ बारा तास पुरवून सुटायचे औषध मी एका घासात तिच्या रक्तात सोडले होते. औषध तेच, मात्रा तीच. मी कुटून काढली होती ती वेळ. आई संध्याकाळपर्यंत सावरली. म्हणाली, ‘‘तरी म्हटलं, आज औषध लवकर लागलंय.’’ ती हसली, मला मात्र आजही हसू येत नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी वृद्ध माणूस असेल, तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारल्याशिवाय गोळी कुटू नका, चिरू नका. तिच्या आत कुणीतरी वेळ रचून ठेवलेली असू शकते.

रंग आणि औषध यांचे नाते मला वाटले होते त्यापेक्षा जवळचे निघाले. माशांच्या टाकीतले ते निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. १८७६ साली हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कापड रंगवण्यासाठी बनवले. १८९१ साली पॉल एर्लिक यांनी तेच हिवतापाच्या रुग्णांना दिले. रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती बिघडते अशा एका विकारावर ते आजही टोचतात. पुढे १९३० च्या दशकात गेरहार्ड डोमाक यांना प्रोन्टोसिल नावाच्या लाल रंगात जंतूंचा पाडाव करण्याचा गुण सापडला. त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीच्या हाताला सुई लागून भयंकर जंतुसंसर्ग झाला, तेव्हा त्यांनी तिला तेच दिले आणि ती वाचली. नंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले, की हा रंग स्वतः काहीच करत नाही. शरीरात तो तुटतो आणि त्यातून सल्फाचे औषध मोकळे होते. रंग नुसता वाहक होता! एकाच भट्टीतून साडीचा रंगही निघाला आणि मुलीचे प्राण वाचवणारे औषधही. त्यामुळे एकाच मण्याने औषध वाहावे आणि रंग पकडावा यात नवल नाही. एका ठिकाणी त्याने योग्य वेळी सोडायचे आहे, दुसऱ्या ठिकाणी सोडायचेच नाही.

इथे माझा दुसरा हिशेब सुरू होतो, आणि तो अधिक अवघड आहे.

१९९० च्या सुमारास मी एका यंत्रमागाच्या गावात कर्ज अधिकारी होतो. सूत रंगवण्याच्या एका नव्या कारखान्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मालक कष्टाळू, वचनाला पक्का. प्रकल्प अहवालात यंत्रे, बॉयलर, शेड यांच्याबरोबर सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाक्यांचा एक आकडा होता. मालकाच्या स्वतःच्या भांडवलाचा हिस्सा कमी पडत होता. आम्ही बसलो, हिशेब जमवला आणि तो आकडा ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलला. शिफारशीवर सही माझी. दुसरा टप्पा माझी बदली होईपर्यंत आला नाही. हप्ते मात्र तारखेला येत. वरून मला शाबासकीचे पत्र आले. ते मी बरीच वर्षे जपून ठेवले होते.

सुताला रंग चढवताना मीठ आणि सोडा भरपूर लागतो. इतके करूनही रंगाचा एक हिस्सा सुताला धरत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. दोन वर्षांनी मी ओढ्याच्या खालच्या अंगाला एका वस्तीवर पीककर्जाच्या वसुलीला गेलो. शेतकऱ्याने वाद घातला नाही. विहिरीतून पोहरा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पाणी फिकट गुलाबी होते. तो म्हणाला, ‘‘साहेब, ह्याचाच चहा टाकू का?’’ मी उन्हात उभा राहिलो. त्याचे खाते पुढे थकले. आमच्या शाखेच्या वह्यांत ती दोन वेगळी खाती होती, एक उत्तम, एक बुडीत. दोन्हींना जोडणारा रकाना कोणत्याही वहीत नव्हता. आजही मला वाटते, की आपल्या सगळ्या प्रदूषणाची गोष्ट त्या नसलेल्या रकान्यात आहे.

ही माझ्या एकट्याच्या शाखेची कथा नव्हे. तमिळनाडूत तिरुप्पूरजवळ नोय्यल नदीवर ओरत्तुपाळयम येथे सिंचनासाठी धरण बांधले गेले, ते १९९२ साली पुरे झाले. वर तिरुप्पूरचे रंगकामाचे कारखाने. काही वर्षांतच धरण रंगाच्या आणि मिठाच्या पाण्याचा साठा होऊन बसले. ज्या शेतकऱ्यांना त्या पाण्याची आस होती, त्यांनाच ते नकोसे झाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकामाचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था केल्याशिवाय ते सुरू व्हायचे नव्हते. कामगारांच्या चुली थंडावल्या, तेव्हा कुठे पाण्याचा हिशेब खर्चाच्या बाजूला मांडला गेला. आता तिथे पाणी गाळून, उकळवून, मीठ वेगळे काढून पुन्हा वापरतात. तरीही शेवटी गाळ आणि मिश्र मीठ उरतेच, आणि ते ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतो. आमच्या सौ.चाच प्रश्न!

म्हणून भाचीच्या मण्यांचे कौतुक करताना मी तीन गोष्टी मागतो. तिच्याजवळ मागितल्या, तशाच तुमच्यापुढे मांडतो.

पहिली मागणी अशी, की परीक्षा खऱ्या पाण्यात व्हावी. प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात एकच रंग घालून मणी तपासतात. ओढ्यात चार रंग, मीठ, सोडा, साबण आणि गावची घाण एकत्र असते. मण्यावरच्या जागेसाठी तिथे मीठही रंगाशी भांडते. वापरात आल्यावर वस्तू काय करील, हे वापरात आल्यावरच कळते. अमेरिकी सैन्याने या शतकाच्या आरंभी जखमेतले रक्त थांबवायला झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दाणे वापरले. रक्त थांबे, पण पाणी शोषताना ते दाणे इतके तापत की कातडी भाजे. मग तो दगड सोडून केओलिन माती लावलेली पट्टी आली. दगडाचा गुण खोटा नव्हता, फक्त गुणाबरोबर काय येते ते जखमेवरच कळले.

दुसरी मागणी अशी, की पाणी नितळ दिसले म्हणजे शुद्ध झाले असे कुणी म्हणू नये. रंग डोळ्यांना दिसतो, मीठ दिसत नाही. मणी रंग धरतील, पण पाण्यात विरघळलेले मीठ त्यांच्या हातून निसटून जाईल आणि तेच शेत नापीक करील. माझी भीती सांगतो. गुलाबी पोहरा पाहून त्या शेतकऱ्याला निदान तक्रार करता आली. उद्या पाणी नितळ पण खारट आले, तर माझ्यासारखा एखादा अधिकारी म्हणेल, ‘पाणी तर स्वच्छ दिसते आहे!’

तिसरी मागणी बँकवाल्याची आहे. आमच्याकडे एक जुनी युक्ती होती. कर्ज थकले की त्याच माणसाला नवे कर्ज द्यायचे आणि त्यातून जुने फेडून घ्यायचे. वही स्वच्छ दिसे. १९९२ नंतर रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले, हाती न आलेले व्याज उत्पन्नात धरणे बंद झाले, तेव्हा अनेक शाखांचे नफे कागदाबरोबर उडाले. भरलेला मणीही असाच आहे. त्याने रंग नाहीसा केलेला नाही, नदीच्या खात्यातून पोत्याच्या खात्यात टाकला आहे. मणी आम्लात किंवा मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरता येतात, पण धुतलेला रंग त्या थोड्या पाण्यात दाट होऊन बसतोच. म्हणून प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर त्याची शेवटची नोंद मागावी. किती वेळा वापरला, शेवटी जाळला, पुरला की कशात मिसळला, आणि त्याचा खर्च कुणी दिला? ज्या अहवालात ही ओळ नाही, तो अपुरा समजून परत पाठवावा. १९९० साली मी हे केले नाही, म्हणूनच आज सांगण्याचे धाडस करतो.

कुणी म्हणेल, छोट्या रंगारी कारखानदाराला हे परवडणार नाही. खरे आहे, एकट्याला नाहीच परवडणार. मीटरमागे चार पैशांवर तो जगतो. पण खर्च नाहीसा होत नसतो. तो आज शेतकरी देतो आहे, विहिरीतून देतो आहे, आणि त्याला पावतीसुद्धा मिळत नाही. तो खर्च कापडाच्या किमतीत यावा. मी रंगीत सदरा घालतो, माझ्या घरात चादरी आहेत, तेव्हा माझा वाटा मी द्यायला हवा. कारखानदारांनी एकत्र येऊन शुद्धीकरण करावे, बँकांनी त्याला स्वस्त कर्ज द्यावे आणि त्या टाक्यांचा आकडा पहिल्याच टप्प्यात असावा. विद्यापीठातल्या मुलामुलींचे मणी त्या टाक्यांत उतरून पाहावेत. नुसते प्रबंधांत सुकू नयेत.

भाची माझे बोलणे शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘मामा, आमच्याकडे वापरलेल्या मण्यांसाठी वेगळा डबा आहे. तो भरला की कुठे जातो, हे मात्र मी आजवर विचारलेले नाही.’’ परत जाताना तिने ते निळे मणी त्याच बाटलीत भरून झाकण घट्ट लावले आणि बाटली पिशवीत ठेवली. परवा तिचा फोन आला होता. मार्गदर्शकांशी बोलून तिने प्रबंधात एक प्रकरण वाढवले आहे, वापरून झालेल्या मण्यांचे काय करायचे याचे. त्यासाठी सहा महिने जास्त लागतील म्हणाली.

मी म्हटले, लागू देत. आणि फोन मामीकडे दिला. प्रश्न तिचा होता.